पहाटे पाचचा गजर बंद करा

प्रश्न : मी 41 वर्षांची असून एका सहकारी बँकेच्या तालुक्यातील शाखेची व्यवस्थापक आहे. घरी पती, दहावीतला मुलगा आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत. बढतीनंतर वसुलीची धास्ती सतत असते. मन शांत व्हावे म्हणून पहाटे पाचला उठून ध्यान करते, डायरी लिहिते, व्याख्याने ऐकते. तरीही रात्री झोप येत नाही आणि ध्यान चुकले की अपराधी वाटते. माझे काय चुकते आहे?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. वसुली असो, सासूबाईंची सेवा असो किंवा मनःशांती, जिथे काही अपुरे राहते तिथे तुम्ही आधी स्वतःची चूक शोधता. ध्यान उत्तमच, पण तुम्ही तेही मार्चअखेरच्या टार्गेटसारखे पूर्ण करू लागला आहात, आणि त्यामुळे ज्या गोष्टीने ताण हलका व्हायचा तिचाच तुमच्या ओझ्यात समावेश झाला आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास एक उपचारपद्धती मांडली. मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती ‘विवेकनिष्ठ’ या नावाने मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. घटना आणि आपली अस्वस्थता यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा आपला दृष्टिकोन उभा असतो, आणि तो हट्टाग्रही असेल तर साधी काळजीही छळ होऊन बसते, असे ही पद्धती सांगते. तुमच्या बाबतीत तो आग्रह ‘मी कुठेही कमी पडता कामा नये’ असा असावा, असे पत्रावरून वाटते.

हे शाखेतल्या उदाहरणावर तपासून पाहू. मुदतकर्जाचा हप्ता 90 दिवसांहून अधिक काळ थकला की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादक होते, हा नियम तुम्ही केलेला नाही. कर्जदाराचा धंदा बसला किंवा त्याच्या घरी आजारपण आले, तेही तुमच्या हातात नव्हते. वेळेवर फोन करणे, घरी जाऊन भेटणे, वरिष्ठांना खरी परिस्थिती कळवणे एवढे तुमच्या हातात होते. ते केल्यानंतरही थकबाकी वाढली, तर ती शाखेची अडचण आहे, तुमच्या लायकीचा निकाल नव्हे. ‘वसुली व्हावी अशी माझी तीव्र इच्छा आहे, त्यासाठी मी झटेन, पण ती झालीच पाहिजे असा नियम जगात नाही,’ हे वाक्य स्वतःशी, वाद घालत, पुन्हा पुन्हा तपासा. सुरुवातीला ते पोकळ वाटेल, कारण जुना आग्रह अनेक वर्षांचा आहे.

अशाने आपण बेफिकीर होऊ, ही शंका तुमच्यासारख्या कर्तव्यदक्ष व्यक्तीच्या मनात येणारच. मला मात्र उलटेच दिसते. धास्तावलेला माणूस अवघड फोन टाळतो, एकच आकडा चार वेळा तपासतो आणि हाताखालच्या कर्मचाऱ्यावर काम सोपवायला कचरतो; इच्छा तीव्र पण आग्रह सैल असलेला माणूस तोच फोन सकाळीच करून मोकळा होतो. व्यक्तिमत्त्वाची वाढ मी याला म्हणते, आणि ती नव्या सवयींची यादी लांबवून होत नाही. म्हणून तूर्त पाचचा गजर बंद करा आणि ती झोप घ्या. ध्यान ज्या दिवशी करावेसे वाटेल, त्या दिवशी करा.

तथापि सगळा भार मनावर टाकणे मला मान्य नाही. पत्रात पतींचा उल्लेख फक्त घरातील माणसे सांगताना येतो, काम वाटून घेणारी व्यक्ती म्हणून नाही. सासूबाईंची रात्रीची औषधे आणि मुलाचा अभ्यास यांतील एक जबाबदारी पूर्णपणे त्यांच्याकडे द्या आणि ती तुमच्या पद्धतीने होत नसली तरी मध्ये पडू नका. शाखेत माणसे कमी असतील तर तसे वरिष्ठांना लेखी कळवा.

झोपेची तक्रार मात्र अंगावर काढू नका. या वयात थायरॉइड, रक्तक्षय आणि रक्तदाब तपासून घेणे योग्य. मन फारच खचले, जगणे नकोसे वाटले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. एरवीही पुढच्या महिनाभरात झोप सुधारली नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या आणि जाताना पतींना सोबत न्या.