गुण भलत्याच्याच नावापुढे

प्रश्न : माझ्याकडे तीन टेक्स्ट फायली आहेत. पहिलीत हजेरी क्रमांक आणि नाव, दुसरीत क्रमांक आणि लेखीचे गुण, तिसरीत क्रमांक आणि तोंडीचे गुण. रकान्यांमध्ये टॅब आहे. युनिक्स-लिनक्सच्या ‘पेस्ट’ या आज्ञेने तिन्ही जोडल्या, पण ३७ व्या ओळीपासून एकाचे गुण दुसऱ्याच्या नावापुढे आले. क्रमांक जुळवून ओळी जोडणारं ‘जॉइन’ म्हणतं, फाइल क्रमाने नाही. क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला आकड्यांप्रमाणे लावण्यासाठी ‘-एन’ देऊन पाहिलं, तरी तक्रार तीच. आता काय करू?

उत्तर : तुमच्या यादीतला ३७ वा विद्यार्थी बहुधा लेखीला गैरहजर होता. त्याची ओळच दुसऱ्या फायलीत नाही, म्हणून पुढचे सगळे गुण एकेक घर वर सरकले. ‘पेस्ट’ क्रमांक वाचत नाही. पहिल्या ओळीला पहिली, दुसरीला दुसरी चिकटवत जातं. या कामाला ते नकोच.

‘जॉइन’ हेच तुमचं हत्यार. फक्त ते क्रमांकाला आकडा मानत नाही, अक्षरं मानतं. अक्षरांच्या हिशेबात १० हा ९ च्या आधी येतो, कारण १ आधी. तुम्ही ‘-एन’ देऊन ९ आधी ठेवलात आणि ‘जॉइन’ रुसलं. तेव्हा ‘-एन’ काढा, ‘-के १,१’ द्या, म्हणजे फक्त पहिल्या रकान्यावर क्रम लागेल. ‘-टी’ने दोन्ही आज्ञांना टॅब सांगा आणि दोन्हींसाठी ‘एलसी_ऑल’ या भाषेच्या मांडणीच्या सेटिंगला ‘सी’ हीच किंमत ठेवा. भाषेची मांडणी वेगळी असली तर क्रमही वेगळा लागतो. ७ आणि ००७ हेही ‘जॉइन’च्या लेखी दोन वेगळे विद्यार्थी, हे ध्यानात असू द्या.

आता खरी मेख. ‘जॉइन’ एका वेळी दोनच फायली घेतं, म्हणून नावं आणि लेखी जोडून आलेलं उत्तर पाइपने (‘|’) पुढच्या ‘जॉइन’ला द्यायचं, तिथे पहिल्या फायलीच्या जागी नुसती ‘-’ लिहायची. पण काही न सांगता जोडलंत तर गैरहजर विद्यार्थी गुपचूप गळतो. ‘-ए १’ दिलंत तर तो राहतो, मात्र त्याच्या ओळीत लेखीचा रकानाच नसतो, आणि दुसऱ्या फेरीत तोंडीचे गुण लेखीच्या जागी जाऊन बसतात. म्हणजे ‘पेस्ट’ने केलेला घोळ मागच्या दाराने परत! म्हणून दोन्ही फेऱ्यांत ‘-ए १’सोबत रकाने ठरवणारं ‘-ओ ऑटो’ आणि रिकाम्या जागी भरण्यासाठी ‘-ई’पुढे ‘गैह’ (गैरहजर) असं काहीतरी द्या. ‘-ओ’शिवाय ‘-ई’ रिकाम्या जागा भरत नाही. हे मला बरीच वर्षं ठाऊक नव्हतं. (‘ऑटो’ ग्नूच्या, म्हणजे लिनक्सवर सहसा असणाऱ्या ‘जॉइन’मध्ये आहे, इतरत्र रकाने एकेक करून लिहावे लागतात.) शेवटी वाचण्यासाठी ‘सॉर्ट’ला खुशाल ‘-एन’ लावा.

दुसरी वाट ‘ऑक’ या आज्ञेची, तिला फायली क्रमाने लावलेल्या लागत नाहीत. तिला गुणांची फाइल आधी द्यायची, ‘एनआर’ (आतापर्यंतच्या एकूण ओळी) आणि ‘एफएनआर’ (चालू फायलीतल्या ओळी) सारखे असेपर्यंत तिच्यातले गुण क्रमांकाच्या खणात साठवायचे, मग नावांची फाइल वाचताना खण उघडायचा. यादीचा मूळ क्रम टिकवायचा असेल तर मी हेच करते. पण गुणांची फाइल रिकामी निघाली तर ही अट नावांच्या फायलीभर खरी ठरते आणि हाती काहीच येत नाही. आणि एकाच क्रमांकाच्या दोन ओळी असल्या, तर ‘ऑक’ शेवटची ठेवतं, ‘जॉइन’ दोन्ही छापतं. आधी ‘कट’ने क्रमांक काढा आणि ‘सॉर्ट’मधून ‘युनिक -डी’कडे पाठवा, दुबार क्रमांक समोर येतील.

एक अनुभव सांगते. मला एकदा नुसत्या क्रमांकांची यादी मिळाली होती, विंडोजवर केलेली. ‘जॉइन’ने एकही ओळ दिली नाही. डोळ्यांना क्रमांक हुबेहूब सारखे! अर्धी रात्र गेल्यावर फाइल दाखवणाऱ्या ‘कॅट’ला मोठं ‘-ए’ देऊन पाहिलं, तर प्रत्येक ओळीच्या टोकाला ‘^एम’, म्हणजे विंडोजचं ओळ संपल्याचं न दिसणारं चिन्ह, चिकटलेला. ‘टीआर -डी’ने तो काढला आणि सगळं जुळलं. तुमच्या फायलींत तो नावाच्या शेवटी दडलेला असेल, तर क्रमांक जुळतील, पण पडद्यावर गुण नावावर चढलेले दिसतील.

जोडून झाल्यावर ‘डब्ल्यूसी -एल’ने ओळी मोजा. नावांच्या फायलीइतक्याच हव्यात. त्याशिवाय प्रत्येक गुणांच्या फायलीसाठी ‘जॉइन’ला नुसतं ‘-व्ही २’ देऊन चालवा. ज्यांचे गुण आहेत पण नाव यादीत नाही, असे क्रमांक तिथे सापडतील.