चार धर्मांतलं रोजच्या कामाला काय येतं? आधी एक नेम धरा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय २९, राहायला बदलापूर, नोकरी अंधेरीत. घरात गीता आहे, मित्रमंडळींत बौद्ध, जैन, शीख सगळे आहेत. सगळीकडचं चांगलं कानावर पडलंय, पण जगण्यात काही उतरत नाही. राग आवरत नाही, पगार पंधरा तारखेच्या पुढे टिकत नाही आणि वर 'या सगळ्याला वेळ कुठून आणू?'

मी कुणी अभ्यासक नाही. मशीद बंदरला सुकामेव्याच्या एका पेढीवर हिशेब सांभाळते. शेठ जैन, हमाल बहुतेक साताऱ्याकडचे, घरी सासूबाईंची एकादशी आणि मुलुंडला आमच्या मजल्यावर सहा डिसेंबरला न चुकता चैत्यभूमीवर जाणारं कुटुंब. पुस्तकं वाचते, पण शिकले ती जास्त या माणसांकडे बघून.

सकाळी सहाला गुलाबाच्या फोटोवर चिकटवलेले सुविचार तुमच्याही फोनवर येत असतील. त्यानं कुणाचं काही हललेलं मी पाहिलेलं नाही. संसारी माणसासाठी या परंपरांनी जे सांगून ठेवलंय ते बरंचसं नेमाच्या भाषेत आहे. किती, कधी, कुणाशी, कुठवर, हे आधी ठरवायचं आणि मग पाळायचं. तुमची गाडी इथेच अडलीय असं मला वाटतं: विचार भरपूर जमलेत, नेम एकही नाही.

पैशापासून सुरू करते, ते माझं खातं. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथात सिगालोवाद सुत्त, म्हणजे बुद्धांचा एक उपदेश, आहे. एका गृहस्थाचा मुलगा ओलेत्यानं सहा दिशांना नमस्कार करत उभा असतो. बुद्ध त्याला ध्यानाला बसवत नाहीत, घर कसं चालवायचं ते सांगतात. कमाईचे चार भाग कर: एक उपभोगाला, दोन धंद्याला, चौथा अडीअडचणीसाठी. नोकरदाराला कसला धंदा? म्हणून ते दोन भाग म्हणजे भाडं किंवा हप्ता, रेल्वेचा पास, नवीन काही शिकण्याचा खर्च, थोडक्यात पुढचा पगार ज्याच्या जिवावर येतो ते सगळं, असं मी धरते. ही माझी सोय, सुत्तात असं नाही. चौथ्या भागात मात्र पळवाट नाही. तो पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचा.

त्याच सुत्तात पैसा गळायच्या सहा वाटा मोजल्यात: दारू, अवेळी रस्त्यावर भटकणं, जलसे-तमाशे, जुगार, वाईट संगत आणि आळस. जुगाराच्या जागी आज मोबाईलवरचं ऑप्शन ट्रेडिंग घाला. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जो अभ्यास जाहीर केला त्यात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तीन वर्षांत मिळून तोट्यात निघाले. तुम्ही असं काही करता असं लिहिलेलं नाही, पण महिन्याच्या मध्यावर पगार संपतो म्हटलं की मी हे विचारतेच.

आता जैनांचं परिग्रह-परिमाण, म्हणजे किती बाळगायचं त्याचं माप. अपरिग्रह म्हटलं की लोकांना सगळं सोडून निघून जाणं आठवतं. ते साधूंचं. श्रावकानं, म्हणजे संसारी जैनानं, फक्त मर्यादा आखायची. उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. हा महावीरांपुढे व्रत घेतो तेव्हा त्याच्याकडे चार कोटी सुवर्णमुद्रा तिजोरीत, चार कोटी व्याजी लावलेल्या, चार कोटी घर-मालमत्तेत, शिवाय दहा-दहा हजार गाईगुरांचे चार कळप आणि पाचशे नांगर. यातलं काही तो टाकत नाही. एवढंच म्हणतो की याच्यापुढे नको. आणि मग यादी तितक्याच गंभीरपणे खाली उतरते: अंग पुसायचा पंचा कुठला, दातवणाची काडी कुठली, आंघोळीला पाणी किती घडे. मला ही यादी भलती आवडते. बारा कोटींचा धनी दातवणाच्या काडीपाशी थांबून हिशेब करतोय! आकडा लहानच पाहिजे अशी अट नाही. तो हाव सुटायच्या आधी ठरलेला पाहिजे.

हे जिवंत पाहायचं तर आमच्या पेढीवर या. शेठ रोज सकाळी चौदा नियम धारतात. आज किती पदार्थ (त्यांच्या भाषेत 'द्रव्यं') खायचे, किती वाहनांत बसायचं, पादत्राणं किती जोड, कुठल्या दिशेला किती लांब जायचं, अशी दिवसापुरती मोजदाद. दुपारी पिस्त्याचा नवा नमुना येतो, दलाल समोर बसलेला असतो, चव बघून भाव ठरायचा असतो. शेठ मनातल्या मनात बोटं मोजतात आणि वाटी माझ्याकडे सरकवतात. 'ताई, तुम्ही सांगा कसाय. माझी आजची द्रव्यं झाली.' दलालही हसत नाही, त्याला सवय आहे. बरं, धंद्यात हाच माणूस किलोमागे दोन रुपये सोडणार नाही. मला त्यात विसंगती वाटत नाही. व्रत स्वतःच्या जिभेवर घेतलंय, भावावर नाही.

तुम्ही चौदाच्या भानगडीत पडू नका. तीन घ्या: महिन्यात बाहेरून जेवण किती वेळा मागवायचं, बुटांचे जोड किती, ॲपवरची खरेदी किती रुपयांपर्यंत. पगाराच्या दिवशी कागदावर लिहा आणि कागद पाकिटात ठेवा. फोनमध्ये नको, तिथे दुकानंच जास्त आहेत.

शिखांचा दसवंध, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा काढून ठेवणं, याच वहीत बसतो. पण त्याच्या आधी 'किरत करो' आहे, कष्टाची आणि सचोटीची कमाई, आणि मग 'वंड छको', वाटून खा. गुरू नानकांच्या एका वचनाचा भाव असा की जो घाम गाळून खातो आणि आपल्या हातानं थोडं देतो, त्याला वाट कळली. क्रेडिट कार्डाचं देणं थकवून कुणी दसवंध काढू नये, असं मी हिशेबनीस म्हणून सांगेन. तुकोबा तर हे सगळं दोन ओळींत उरकतात: 'जोडोनियां धन उत्तम वेव्हारें । उदास विचारें वेच करी'. तेही वाण्याच्या घरातलेच, त्यांना ठाऊक असणारच.

रागाबद्दल सगळे बुद्धांची ती पाहुण्यांची गोष्ट सांगतात. एक भारद्वाज ब्राह्मण येऊन शिव्या घालतो. बुद्ध विचारतात, तुझ्याकडे पाहुणे येतात, तू वाढतोस, त्यांनी नाही घेतलं तर ते अन्न कुणाचं? माझंच, तो म्हणतो. तसं तुझं हे मी घेतलेलं नाही. गोष्ट छान आहे, पण अंधेरीच्या पुलावर कोपर लागल्यावर ती आठवत नाही. तिथं आपण बुद्ध नसतो. मला त्याहून कामाची वाटते ती बोलण्याची चाळणी. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय: समोरच्याला न डिवचणारं, खरं, प्रिय आणि हिताचं बोलणं. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या बौद्ध ग्रंथात बुद्ध जवळपास हेच सांगतात: खरं, मृदू, हिताचं, मैत्रीच्या भावनेनं. आणि त्यात एक जास्तीची अट आहे, योग्य वेळी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी भांडणं होतात त्यातलं अर्धं खरं असतं, क्वचित हिताचंही असतं. पण लिहिलेलं असतं रात्री साडेअकराला. तेव्हा नेम असा: रात्री नऊनंतर रागाचं उत्तर टाइप करायचं नाही, सकाळी बघू. तोंडी राग आवरणं कठीण आहे, हे बोटांचं निदान जमतं.

आणि बोलून गेलंच तर? संवत्सरीला, जैनांच्या क्षमा मागायच्या दिवशी, 'मिच्छामि दुक्कडम्'चे (माझं चुकलं, माफ करा) फॉरवर्ड ढिगानं येतात. दोनशे जणांची एकदम मागितलेली माफी कुणाचीच नसते. आमच्याकडे एकदा काजूचं पोतं फाटलं म्हणून शेठ एका हमालावर सगळ्यांदेखत ओरडले होते. संवत्सरी झाल्यावर दुकान उघडलं तेव्हा गल्ल्यावर बसायच्या आधी त्याच्यापुढे हात जोडून म्हणाले, त्या दिवशी पोत्यावरून चारचौघांत बोललो, ते चुकलं. हमाल बिचारा इतका अवघडला की 'जाऊ द्या शेठ, जाऊ द्या' म्हणत हातगाडीच ओढायला लागला. माफी अशी, कशाची ते सांगून. तुम्हाला संवत्सरीची वाट बघायची गरज नाही.

राहिला वेळ. यावर माझ्या ओळखीतलं सगळ्यात चांगलं उत्तर नामदेवांचं आहे आणि ते पंढरपुरात नाही, गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे. तिथे त्यांची ६१ पदं आहेत. त्यातल्या रामकली रागातल्या एका पदात मुलगा कागदाचा पतंग करून उडवतो, पाच जणांशी गप्पा मारतो, चित्त दोरीत. बायका घडे भरून हसत-खिदळत येतात, चित्त घागरीत. गाय पाच कोस लांब चरते, चित्त वासरात. आई घरात-बाहेर कामात गुंतलेली, चित्त पाळण्यातल्या बाळात. त्याच ग्रंथात कबीरांच्या श्लोकांत नामदेव आणि त्यांचे मित्र संत त्रिलोचन यांचा संवादही येतो. त्रिलोचन टोकतो, कापडं काय छापत बसलास, रामात मन का लावत नाहीस? नामदेव म्हणतात, तोंडानं नाम घे, हातापायानं सगळी कामं कर, चित्त निरंजनापाशी ठेव.

बदलापूरच्या गाडीत लटकणाऱ्या माणसाला याहून वेगळं काय सांगायचं? लेडीज डब्यात माझ्या समोरची बाई ठाण्यापासून मटार सोलते आणि ओठ हरिपाठात असतात. शेंगा संपतात, दादर येतं, पिशवी बंद. वेगळा वेळ तिनं काढलेलाच नाही. जैनांची सामायिक ४८ मिनिटांची असते, समभावात बसायची. मी एकदा शेठना विचारलं की लोकलमध्ये चालेल का. नाही म्हणाले, ती एका जागी, आसनावर, विधीनं. बरोबर आहे, दुसऱ्याच्या विधीचं नाव आपल्या सोयीला लावू नये. पण ४८ मिनिटं फोन पिशवीत आणि कुणावर चिडायचं नाही, एवढं माप तर उसनं घेता येतं.

जाता जाता एक सांगते. मित्रांना 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' म्हणू नका. गीता आत्मा अमर म्हणते, बुद्ध आत्मा मानत नाहीत. जैन उपासाला तप मानतात, बुद्धांनी देह जाळणारी तपश्चर्या करून पाहिली आणि सोडून दिली. तुमच्या बौद्ध मित्राच्या घरी बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञा असतील, त्यात बुद्ध हा विष्णूचा अवतार हे मी मानणार नाही, अशी स्पष्ट प्रतिज्ञा आहे. तिथं तुमचं 'एकच' कौतुकाचं वाटणार नाही, पुसून टाकल्यासारखं वाटेल.

आणि नेम पाळूनही काही प्रश्न सुटत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेनं दादरचा कबुतरखाना ताडपत्रीनं झाकला, जमावानं ती फाडली. पेढीवर आमचा वाद झाला. शेठ म्हणाले, पाखरं उपाशी मरतील. मी म्हटलं, विष्ठेची धूळ ज्यांच्या फुप्फुसात जाते त्यांचं काय? दोघंही अहिंसेच्याच बाजूनं बोलत होतो. त्यांचं मत बदललं नाही, माझंही नाही, आणि चहा नेहमीसारखा आला.

सुरुवात कुठून, तर पगाराच्या तारखेपासून, पैशाच्या नेमानं. तो मोजता येतो, त्यामुळे मोडला तर लगेच दिसतो. महिनाभर टिकला की त्याला रात्री नऊचा नेम जोडा. शीख मित्राला सांगून एखाद्या रविवारी दादरच्या गुरुद्वाऱ्यात जा. डोक्याला रुमाल बांधा, पंगतीत बसा, रोटी दोन्ही हातांत घ्या, आणि उठल्यावर थेट बाहेर पडू नका, भांडी घासायला उभे राहा. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेसाठी मात्र आत्ताच रजा टाकू नका. तिथे बोलणं बंद, फोन जमा, पहाटे चारला घंटा. आधी लोकलमधली ती ४८ मिनिटं जमतात का बघा. नवीन वर्षाच्या रजा खात्यात आल्या की मग फॉर्म भरा.