ट्रिपवरून आल्या आल्या वजनकाट्यावर चढू नका

प्रश्न : ताई, आठ दिवस फिरून काल रात्री घरी आलो आणि आज सकाळी वजन केलं तर चक्क अडीच किलो जास्त! सहा महिने घाम गाळून चार किलो उतरवलं होतं हो. आता आठवडाभर फक्त सूप-सॅलड आणि रोज दोन तास जिम असं ठरवलंय. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. आणि आधी तो काटा पलंगाखाली सरकवा बघू. जरा हिशोब करू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी, म्हणजे अडीच किलोच्या झाल्या १९ हजारांच्या वर, त्या आठ दिवसांत वाटल्या तर रोज गरजेपेक्षा २४०० जास्त, म्हणजे तुम्ही रोज जवळपास दोन माणसांचं जेवलात. जेवलात का? एखाद्या दिवशी जेवला असाल, आठही दिवस कोणी जेवत नाही.

मग काट्यावर दिसतंय ते काय? बरंचसं पाणी. आपण खाल्लेल्या पिठूळ आणि गोड पदार्थांतली काही साखर ग्लायकोजेन म्हणून स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठते आणि दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. तुम्ही सहा महिने हात राखून खात होतात, तो साठा जरा रिकामाच असणार, तो भरला. त्यात बाहेरच्या जेवणात मीठ जास्त, त्यानेही पाणी साठतं. परतीच्या प्रवासात कित्येक तास पाय लोंबकळत बसलेले असाल, काल मोजे काढल्यावर घोट्यावर इलॅस्टिकचा खोल वळ दिसला असेल बघा, तो याच सुजेचा. शिवाय प्रवासात पोट नीट साफ होत नाही, ही गोष्ट कोणी बोलत नाही पण काट्याला कळते.

मी स्वतः मागच्या सुट्टीवरून आले तेव्हा मोह आवरला नाही, पहिल्याच सकाळी वजन केलं, १.८ किलो जास्त. व्यवसायच हा असूनही पोटात गोळा आला! नेहमीचं जेवण, नेहमीचा व्यायाम, नेहमीची झोप एवढंच केलं आणि सहाव्या दिवशी जास्तीचे ४०० ग्रॅम उरले होते. ते मात्र खरे होते, कशाने आले तेही मला पक्कं आठवतंय, रोज रात्री जेवण झाल्यावर 'चल अजून एक चक्कर मारू' म्हणत बाहेर पडायचं आणि हातात आइस्क्रीम घेऊन परतायचं.

तुमच्या प्लॅनमधला मला खटकणारा भाग वेगळाच आहे. सूपवर आठवडा काढलात की पाणी उतरतं, वजन खाली येतं आणि तुम्हाला वाटतं उपास लागू पडला, मग पुढच्या ट्रिपलाही तेच. माझ्याकडे येणाऱ्यांत सुट्टीने बिघडलेले फार थोडे, सुट्टीनंतरच्या या प्रायश्चित्ताने बिघडलेले खूप. सहा-सात दिवस नेहमीसारखे राहा, मग वजन करा.

प्रश्न : ट्रिपवर रोज १८-२० हजार स्टेप्स होतात, तरी मी सकाळी हॉटेलच्या जिममध्ये अर्धा तास ट्रेडमिल करतो. तिसऱ्या दिवसापासून मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. काय चुकतंय?

उत्तर : अहो, २० हजार पावलं म्हणजे तेरा-चौदा किलोमीटर! घरी असताना एवढं चालता का? मग त्यावर आणखी ट्रेडमिल कशाला, तेवढा वेळ झोपा. आणि दुखण्याचं कारण बहुतेक उतार आणि पायऱ्या. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, सवय नसेल तर हे दुखणं एक ते तीन दिवसांनी सगळ्यात जास्त जाणवतं, म्हणजे पहिल्या दिवसाची टेकडी तिसऱ्या दिवशी भेटते. दुखणं एकाच पायात असेल, सूज असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

एक गंमत सांगते, १० हजार पावलांचा आकडा जपानमध्ये १९६५ साली आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून पसरला, ते नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' अशा अर्थाचं होतं. तेव्हा घड्याळात ९२०० दिसले म्हणून रात्री हॉटेलच्या खोलीत येरझाऱ्या घालू नका (मी घातल्यात, नवरा अजून चिडवतो).

एक आहे, थांबत थांबत, फोटो काढत चालण्याने पाय दमतात, दम लागत नाही. म्हणून दिवसात दहा-पंधरा मिनिटं तरी अशी चाल ठेवा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. ताकदीचं टेन्शन घेऊ नका, दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने ती फारशी जात नाही, दम त्यापेक्षा लवकर उतरतो. फारच चुळबुळ होत असेल तर दोनदा पंधरा मिनिटं, उठाबशा, भिंतीला हात टेकून पुशअप्स आणि भरलेली सॅक एका हाताने कमरेपर्यंत ओढणं, बास. आणि ट्रिपसाठी म्हणून आणलेले नवे बूट पहिल्यांदा ट्रिपलाच घालायचे नाहीत, निदान दोन आठवडे आधीपासून वापरा. सॅकमध्ये मोज्यांचा एक जोड जास्त ठेवा, दुपारी ओले मोजे बदलले की बरेच फोड टळतात.

प्रश्न : हॉटेलच्या ब्रेकफास्टला बुफे बघितला की माझा ताबाच जातो. उपाय?

उत्तर : पहिली फेरी रिकाम्या हाताने मारायची. सगळं बघायचं, काय आवडतंय ते ठरवायचं आणि मगच प्लेट उचलायची. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसून लोकांना बघत असते (वाईट सवय, माहितीये), प्लेट हातात घेऊन रांगेत शिरणारा पहिल्या तीन भांड्यांपाशीच अर्धी प्लेट भरतो आणि त्याला खरं हवं असलेलं शेवटच्या भांड्यात असतं, मग ते डोंगरावर ठेवायचं! आधी अंडी, दही, कडधान्य असं काहीतरी प्रोटीनचं खाल्लंत तर दुपारपर्यंत पोट धरतं. ज्यूसचे ग्लास मोजा, ते कोणी मोजत नाही. पैसे वसूल करायचे असतील तर फळांवर करा.

प्रश्न : नवरा म्हणतो, सुट्टीत डाएटचं नावसुद्धा काढायचं नाही.

उत्तर : नका काढू. त्यांना फक्त सॅक उचलायला द्या.