‘पहिल्या श्रेणीचं’ हरिकेन आणि ‘अतितीव्र’ हंगाम

ह्यूस्टनहून एका वाचकांनी विचारलंय: “जुलै २०२४मध्ये बेरिल हरिकेन आमच्याकडे येत होतं. नाशिकला आईला फोनवर ‘पहिल्या श्रेणीचं आहे’ एवढंच म्हणालो, तर ती म्हणाली, ‘अरे देवा, म्हणजे सगळ्यात मोठं?’ माझा शब्द चुकला का? आणि ‘हरिकेनचा हंगाम अतितीव्र होता’ असं मराठीत म्हणता येईल का?”

तुमचं वाक्य व्याकरणात बसतं, पण आईंनी जे ऐकलं तेही मराठीच होतं. आपण ‘प्रथम श्रेणीत पास झाला’ म्हणतो, ‘पहिल्या दर्जाचा माल’ म्हणतो. आपल्याकडे पहिली श्रेणी सगळ्यात वरची असते आणि दुसरी, तिसरी म्हणजे उतरण. हरिकेन म्हणजे अटलांटिककडचं जोरदार चक्रीवादळ, आणि त्याच्या मोजपट्टीवर नेमकी उलट चढण आहे. म्हणून ‘पहिल्या श्रेणीचं’ टाळावं. लिहिताना आकडा घालून ‘श्रेणी १’ लिहावं आणि बोलताना ‘पायरी’ म्हणावं. पायऱ्या कुणी वरून मोजत नाही, त्यामुळे ‘पहिल्या पायरीवरचं हरिकेन’ म्हटलं की कानाला लगेच खालचं टोक कळतं.

ही मोजपट्टी सॅफिर-सिम्पसन या नावानं ओळखली जाते. हर्बर्ट सॅफिर हे इमारतींचे अभियंते, तर रॉबर्ट सिम्पसन अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचे संचालक. एक मिनिटाच्या सरासरीनं टिकून राहणारा वारा ताशी ११९ कि.मी.ला पोचला की श्रेणी १, आणि २५२च्या पुढे श्रेणी ५. आधी या पट्टीसोबत हवेचा दाब आणि समुद्राच्या उधाणाचे आकडेही दिले जायचे. २०१०मध्ये ते काढून टाकले आणि पट्टी निव्वळ वाऱ्याची उरली. हे फार महत्त्वाचं आहे. २८ ऑगस्ट २००५ला कॅटरिना हरिकेन श्रेणी ५मध्ये होतं, दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागताना श्रेणी ३वर उतरलं होतं. तरी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे साडेआठ मीटर चढला. वारा उतरला होता, पण वादळाचा पसारा आणि आदल्या दिवशी ढकललेलं पाणी उतरलं नव्हतं. म्हणून वाऱ्यासाठी ‘तीव्रता’ आणि आकारासाठी ‘विस्तार’ असे दोन शब्द वेगळे ठेवा. ‘महाकाय’ आणि ‘तीव्र’ हे शब्द बातम्यांत अदलाबदल करून वापरलेले दिसतात, ते मला खरोखर खुपतं.

आता ‘अतितीव्र’. हा शब्द मोकळा नाही. आपल्या हवामान खात्याच्या वर्गवारीत तो ताशी ११८ कि.मी.पासून सुरू होणाऱ्या चक्रीवादळांना दिलेला आहे. (तिथे सरासरी तीन मिनिटांची धरतात, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत.) बेरिल टेक्सासला धडकलं तेव्हा ते श्रेणी १मध्ये होतं, वारा ताशी ११९ कि.मी.च्या वर. म्हणजे तिथली सगळ्यात खालची पायरी आपल्याकडे ‘अतितीव्र’च्या खान्यात पडते! आईंची भीती अगदीच अनाठायी नव्हती. त्या ‘खालच्या पायरी’नं वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घालवली.

हंगामाचा प्रश्न मात्र मला जास्त आवडला. तीव्रता हा क्षणाचा गुण: तीव्र कळ, तीव्र वास, तीव्र उतार. जून ते नोव्हेंबर असा सहा महिन्यांचा हंगाम तीव्र कसा असेल? त्याची बेरीजच करावी लागते, आणि बेरीज कशाची करायची इथेच खरी गंमत आहे. नुसती नाव मिळालेली वादळं मोजली तर अटलांटिकमध्ये २०२० सगळ्यांच्या पुढे, ३० वादळं. २००४मध्ये त्याच्या निम्मी, १५. पण हंगामभरच्या वाऱ्याचा जोर मिळवून काढलेल्या ‘एसीई’ या निर्देशांकावर २००४ला सुमारे २२७ आणि २०२०ला सुमारे १८०. आयव्हन या एकट्या वादळानं २००४मध्ये साधारण ७० एककं भरली, कारण ते दिवसेंदिवस समुद्रावर जोरात राहिलं. आपण पावसाचे दिवस वेगळे मोजतो आणि मिलिमीटर वेगळे, तसंच हे.

एसीईचा हिशेब सोपा आहे. दर सहा तासांनी वादळाच्या कमाल वाऱ्याचा वेग नॉटमध्ये (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ कि.मी.) घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सगळे वर्ग मिळवायचे आणि दहा हजारांनी भागायचं. १०० नॉटचं वादळ दिवसाला ४ एककं देतं, ५० नॉटचं फक्त १. वेग निम्मा झाला की हिस्सा चौथाई.

या निर्देशांकाला ‘संचित चक्रीवादळ ऊर्जा’ असं शब्दशः नाव दिलेलं दिसतं. मला ते पटत नाही. ‘संचित’ म्हटलं की मराठी मनात पूर्वसंचित येतं, गाठीशी साठलेलं, पुढे भोगायचं. इथे काहीच साठलेलं नाही, जे होऊन गेलं त्याचा जमाखर्च आहे. ‘ऊर्जा’ही सैलच, कारण हिशेबात वादळाचा विस्तार धरलेलाच नाही. मी ‘वादळी जोराची बेरीज’ म्हणेन. ‘यंदा पावसाचा जोर होता’ हे आपण पूर्वापार म्हणतो, म्हणून हंगामाला ‘जोराचा’ हे विशेषण चपखल बसतं. वर्तमानपत्री भाषेत ‘सक्रिय’ही चालेल, मान्सूनमुळे तो रुळलाच आहे.

फक्त ‘जोराचा हंगाम’ म्हणजे ‘नुकसानीचा हंगाम’ असं समजू नका. १९९२ची बेरीज सरासरीहून बरीच कमी होती, नाव मिळालेली वादळं जेमतेम सहा. त्यातलं पहिलंच अँड्र्यू, आणि ते २४ ऑगस्टला दक्षिण फ्लोरिडात शिरलं. तेव्हा त्याला श्रेणी ४ म्हटलं होतं. दहा वर्षांनी, २००२मध्ये, पुन्हा तपासणी करून श्रेणी ५ केलं.

तर पुढच्या वेळी आईंना सांगताना श्रेणीचा उल्लेखच गाळा. “पाचातली पहिली पायरी आहे, वारा ताशी एवढा, आणि आमच्या भागात पाणी चढायचा धोका आहे किंवा नाही,” एवढं सांगा.