स्मार्ट लॉक सतत ‘ऑफलाइन’ दाखवतं. राउटर बेडरूममध्ये आहे. रेंज कशी वाढवायची?

आधी लॉक कशावर चालतं ते बघा. दाराजवळ उभं राहिल्यावर ॲपमधून उघडतं आणि ऑफिसातून उघडत नाही, तर ब्लूटूथ ठीक आहे, घोळ वायफायचा किंवा गेटवेचा (लॉकला वायफायशी जोडणाऱ्या छोट्या यंत्राचा) आहे.

बहुतेक वायफाय लॉक फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव असेल तर जोडणी करताना गोंधळ होतो. २.४ ला वेगळं नाव द्या आणि चॅनल ‘ऑटो’वर न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा. सोसायटीत शेजाऱ्यांचे दहा राउटर त्याच पट्ट्यात असतात.

लॉकसोबत प्लगमध्ये लावायचा छोटा गेटवे आला असेल, तर तो राउटरजवळ नको, दाराजवळच्या सॉकेटमध्ये लावा. लॉक आणि गेटवे ब्लूटूथवर बोलतात, त्यामुळे मधे काँक्रीटची भिंत किंवा फ्रिज आला की संपलं. शू-रॅकमागचा सॉकेटही टाळाच. बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर बाहेरून मोबाईलने उघडताना ते बंद ठेवून आणि उघडून, दोन्ही प्रकारे तपासा. फरक लगेच कळतो.

राउटर टीव्हीच्या मागून काढून उंचावर ठेवा. तरीही जमलं नाही तर हॉलमध्ये मेश युनिट, म्हणजे राउटरशी मिळून घरभर एकच वायफाय पसरवणारं जोडयंत्र. स्वस्त रिपीटर (राउटरचा सिग्नल फक्त पुढे पाठवणारा) मला तरी पटत नाही.

आणि सेल! साध्या अल्कलाइन सेलला १.५ व्होल्ट, रिचार्जेबलला १.२. कंपनीने सांगितलेलेच घाला. सेल उतरले की मोटरआधी बऱ्याचदा वायफाय दगा देतं. मेकॅनिकल किल्ली मात्र घराबाहेर कुणाकडे तरी ठेवाच.