ऑर्लँडोच्या डिस्नीत आईला नेताय? आधी व्हीलचेअर की स्कूटर ते ठरवा

घरात काठी न घेता फिरते म्हणून तिथे आईला काहीच लागणार नाही असं धरून चालू नका. एपकॉटमध्ये (डिस्नीच्या तिथल्या पार्कांपैकी एक) नुसता तळ्याभोवतीचा फेराच जवळपास 2 किमी आहे, वर फ्लोरिडाचं ऊन. सीटवाला वॉकर थोडंफार चालणाऱ्यांना बरा, पण त्यावर बसवून ढकलायचं नाही हं, उलटू शकतो. गुडघे फार दुखत असतील तर सरळ व्हीलचेअर घ्या, ढकलणार कोण ते आधी ठरवा, चढावर दम निघतो.

बॅटरीवाली स्कूटर (रस्त्यावरची नव्हे, चालायला त्रास होणाऱ्यांनी बसून चालवायची छोटी गाडी) छानच, पण कधी गाडी न चालवलेल्या बाईला एकदम गर्दीत देऊ नका, माझी आई घाबरली आणि थांबायला लिव्हर सोडायच्या ऐवजी अजूनच घट्ट दाबून बसली, नशीब समोर कोणी नव्हतं. आदल्या दिवशी हॉटेलच्या आवारात सगळ्यात कमी स्पीडवर प्रॅक्टिस करून घ्या. पार्कातली भाड्याची स्कूटर पार्कबाहेर नेता येत नाही आणि तुम्ही जाईपर्यंत सगळ्या भाड्याने गेलेल्याही असू शकतात, म्हणून बाहेरून आधीच बुक केलेली बरी, रात्री चार्जिंगला लावा मात्र. काही राईड्सना स्कूटरवरून उतरून व्हीलचेअरवर बसावं लागतं.

आणि आईला नीट विचारा, लाजेपोटी पहिल्यांदा नकोच म्हणेल ती.