१३४ए वर किती दिवस काढता येतील?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेला जाणाऱ्या काँटॅक्ट क्लीनरच्या (विजेचे जोड साफ करायच्या स्प्रेच्या) कॅनमध्ये स्प्रे बाहेर ढकलणारा गॅस म्हणून १३४ए अजून चालेल का आणि बदलायचाच तर १५२ए घ्यावा की १२३४झेडई. मी न्यू जर्सीत एका फिलरकडे, म्हणजे कॅन भरून देणाऱ्या कंपनीत, बरीच वर्षं काढलीत, त्यावरून सांगतो.

चालेल, पण थोडेच दिवस. ईपीएच्या (अमेरिकेचं पर्यावरण खातं) २०२३ च्या नियमात एरोसॉलला १५० जीडब्ल्यूपीची (कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत गॅस पृथ्वी किती तापवतो तो आकडा) मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून आहे आणि १३४ए बसतो १४३० वर. विजेच्या सामानावरचं ग्रीस, फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट थर) काढणाऱ्या स्प्रेला मात्र २०२८ पर्यंत सवलत दिलीय. सवलत त्या वापराला आहे हं, त्यामुळे लेबलवर हौसेने 'मल्टीपर्पज' छापू नका.

आता तारखांवर किती विसंबायचं? २०१५ मध्ये पण ईपीएने एरोसॉलमधल्या १३४ए वर बंदी आणलेली. आम्ही खर्च करून १५२ए वर गेलो, आणि २०१७ ला कोर्टाने तो नियम बऱ्यापैकी उडवला, म्हणे ओझोनच्या कायद्याखाली एचएफसी (१३४ए, १५२ए ज्या जातीचे ते गॅस) बदलायची सक्ती करता येत नाही. जे गप्प बसले होते ते स्वस्तात सुटले, आम्ही हात चोळत बसलो. पण मग २०२० ला अमेरिकेच्या संसदेने खास एचएफसीसाठीच कायदा केला, त्यामुळे यावेळी तारीख मागेपुढे होईल, अख्खा नियम उडेल असं मला वाटत नाही.

१२३४झेडई चा जीडब्ल्यूपी नगण्य, साध्या तापमानाला पेटत नाही, म्हणून सगळ्यांना आवडतो. पण महाग आहे, आणि युरोपात पाच देशांनी २०२३ मध्ये पीफास (निसर्गात न विरणारी फ्लोरिनची रसायनं) बंदीचा जो प्रस्ताव टाकलाय त्याच्या व्याख्येत तो येतो, कारण रेणूत सीएफ३ (एका कार्बनला तीन फ्लोरिन) आहे (१३४ए मध्येपण आहे). उद्या युरोपला माल पाठवायचा विचार असेल तर परत तेच रडगाणं. १५२ए त्या व्याख्येत येत नाही, जीडब्ल्यूपी १२४, शिवाय व्हीओसीत (हवेत धुरकं करणाऱ्या वाफांत) धरत नाहीत. एलपीजी सगळ्यात स्वस्त पडला असता, पण तो व्हीओसीत येतो आणि कॅलिफोर्निया व्हीओसीवर अडवते.

मी १५२ए घेईन. फक्त तो पेटतो, म्हणजे गॅस हाऊस (कॅनमध्ये गॅस भरायची खोली) वेगळं, डिटेक्टर, एक्झॉस्ट, सगळं आलं, आणि चालू पॅनलवर मारायचा स्प्रे असेल तर तो नकोच, तिथे १२३४झेडई चे पैसे मोजा. तुमचा गिऱ्हाईक पॅनल बंद करून मारतो की चालू असताना, ते आधी विचारून सांगा.